‘दुधाचे दात पडणारच’ या संदेशातील चार विधाने

पुण्यातील पालकांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वरचेवर फिरतो. त्याचे म्हणणे असे: दुधाचे दात पडणारच असल्याने त्यांवर पैसे घालवू नका, फ्लोराइडची पेस्ट विषारी असते, दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, आणि दंत महाविद्यालयातील स्वस्त उपचार म्हणजे विद्यार्थ्यांचे प्रयोग.

पहिले विधान सर्वांत महागात पडणारे आहे. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. पण मागच्या दुधाच्या दाढा साधारण १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे चार वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ तशीच सोडली, तर पुढची सहा-सात वर्षे त्याला तिच्यावरच जेवायचे असते. दुधाच्या दातांचे इनॅमल, म्हणजे बाहेरचे कठीण कवच, पातळ असल्याने कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत लवकर पोहोचते, मग ठणका, गालावर सूज आणि रात्रीची झोपमोड ठरलेली. दाढ वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात, खालून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते आणि वाचवलेले पैसे पुढे तारा बसवण्यात जातात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते. अनेक पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि आयुष्यभर पुरायला हवी अशी दाढ शाळकरी वयातच पोखरली जाते. तिच्या खाचा सीलंटने, म्हणजे संरक्षक लेपाने, वेळीच बुजवून घेणे हे रूट कॅनालच्या तुलनेत किरकोळ खर्चाचे काम आहे.

फ्लोराइडचे भय अगदीच निराधार नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातील जादा फ्लोराइडचा प्रश्न खरोखरच आहे, आणि म्हणूनच भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम, अशी मर्यादा घातली आहे. पण तो वर्षानुवर्षे रोज पोटात जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न आहे. पेस्ट थुंकायची असते. जिवाणूंनी साखरेपासून बनवलेल्या आम्लामुळे इनॅमलमधून सुटलेली खनिजे लाळेतून पुन्हा तेथे बसण्यास फ्लोराइडची मदत होते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ब्रशवर भरभरून पेस्ट फक्त जाहिरातीत शोभते. (ज्या सोसायट्या कूपनलिकेवर अवलंबून आहेत त्यांनी मात्र पाणी तपासून घ्यावे.)

दात साफ केल्याने ते हलतात, या समजाचे उत्तर थोडक्यात देता येते. हिरड्या आणि हाड आधीच खचलेले असते. दातांना जखडून ठेवणारे कीटण, म्हणजे दातांवर साचून टणक झालेला थर, निघाले, की हे खचणे उघडकीस येते इतकेच.

शेवटचे विधान गरजू कुटुंबांना उपचारांपासून परावृत्त करते, म्हणून ते मला अधिक खटकते. धनकवडीचे भारती विद्यापीठ, कॅम्पातील आझम कॅम्पसमधले रंगूनवाला, पिंपरीतील डी. वाय. पाटील, अशा दंत महाविद्यालयांत विद्यार्थी उपचार करतात हे खरे आहे, पण ते अध्यापकांच्या देखरेखीखाली करतात. विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी रुग्णांची गरज असते, म्हणून दर कमी असतात. रुग्णाला जी किंमत मोजावी लागते ती बहुधा वेळेची: केसपेपरची रांग, लांबणारी बैठक, वाढलेल्या फेऱ्या. रोजंदारीवर जाणाऱ्या आईवडिलांना तीही जड जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ही अडचण उपचारांच्या दर्जाची नव्हे.

साखरेबद्दल मात्र संदेशात अवाक्षर नाही. एकूण किती गोड खाल्ले याइतकेच ते दिवसातून किती वेळा खाल्ले यालाही महत्त्व आहे, आणि दाताला चिकटून राहणारी गुळाची चिक्कीही यातून सुटत नाही. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवण्याची सवय मोडायला तर पैसाही लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा तपासणी ठरलेली आहे. तीत किडलेले दातही पाहिले जातात आणि पुढील उपचारांसाठी चिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी दप्तरात राहू न देता, दाढ ठणकायला लागण्याची वाट न पाहता, मुलाला दाखवून आणावे.