‘डिस्क गेली? या पाच गोष्टी करा’ : हा मेसेज पुढे पाठवण्याआधी वाचा

‘डिस्क गेली? घाबरू नका, या पाच गोष्टी करा’ असा एक मेसेज सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपमधून फिरतो आहे. आधी मी दुर्लक्ष केलं. पण परवा तो माझ्या भाचीकडून आला, सोबत प्रश्न : "मावशी, याचा प्रिंट काढून डेस्कवर लावू का? रात्रपाळीला मी एकटीच असते, वेळ आली तर हाताशी असेल." ती नुकतीच या कामाला लागली आहे. उद्या खरंच डिस्क गेली तर ती या ओळी वाचून कमांड मारेल, आणि तिला कोणी सांगितलेलं नसेल की यातली एक ओळ शाबूत डेटासुद्धा घालवते. तिला फोनवर समजावलं. पण मेसेज अजून फिरतोच आहे, म्हणून इथे लिहिते.

मेसेज एलव्हीएमबद्दल आहे, म्हणजे अनेक डिस्क एका ग्रुपमध्ये जोडून त्यातून लॉजिकल व्हॉल्यूम (वापरायचे आभासी भाग) कापून देणाऱ्या व्यवस्थेबद्दल. थोडक्यात तो असा. एक, आधी सर्व्हर रीबूट करा. दोन, ‘या यूयूआयडीचं डिव्हाइस सापडत नाही’ असं दिसलं (यूयूआयडी म्हणजे डिस्कचा एकमेव ओळख क्रमांक) की डिस्क मेली समजा आणि ‘व्हीजीरिड्यूस --रिमूव्हमिसिंग --फोर्स’ मारा, त्याने फक्त मेलेल्या डिस्कचं नाव यादीतून निघतं. तीन, नवी डिस्क लावून पीव्हीक्रिएट (डिस्क एलव्हीएमसाठी तयार करणं) आणि व्हीजीएक्स्टेंड (ती ग्रुपमध्ये घालणं) करा, मिरर (दुसऱ्या डिस्कवरची हुबेहूब प्रत) आपोआप सिंक होतो. चार, शेवटी ‘एफएससीके -वाय’, म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणं. पाच, हे सगळ्या युनिक्सवर चालतं, आणि रेड (एक डिस्क गेली तरी चालू राहावं म्हणून डेटा अनेक डिस्कवर ठेवणं) असेल तर बॅकअपची गरज नाही.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे आहे.

‘फक्त नाव निघतं’ हे साफ खोटं आहे. त्यासाठी कोणा तज्ज्ञाकडे जायला नको, लिनक्सवर व्हीजीरिड्यूसचं मॅन पेज (कमांडसोबत येणारं माहितीपान) उघडून पाहा. रिमूव्हमिसिंग हा पर्याय एकटा दिला, तर हरवलेल्या डिस्कवर एकही लॉजिकल व्हॉल्यूम नसेल तेव्हाच ती डिस्क ग्रुपमधून निघते. व्हॉल्यूम असेल तर कमांड नकार देते. हा नकार तुमच्या भल्यासाठी असतो. फोर्स जोडला की तो नकार संपतो, आणि हरवलेल्या डिस्कवर ज्यांचा थोडासाही भाग होता ती व्हॉल्यूम, त्यांच्यावर अवलंबून असलेल्या स्नॅपशॉटसकट (एका क्षणाच्या प्रतींसकट), पूर्ण काढली जातात. शाबूत डिस्कवर असलेले त्यांचे भागही त्यात जातात, हे मॅन पेजमध्ये स्वच्छ शब्दांत लिहिलेलं आहे. ते वाचायला एक मिनिट पुरतं. मेसेज लिहिणाऱ्याने ते मिनिट काढलं नाही.

समजा चार डिस्कचा ग्रुप आहे. डेटाबेसचं साधं, बिनमिररचं व्हॉल्यूम पहिल्या दोन डिस्क भरून तिसऱ्या डिस्कवर जरासं सांडलेलं आहे. कोणीतरी जागा वाढवताना तिथले मोजके एक्स्टेंट, म्हणजे एलव्हीएम जागा वाटते ते ठोकळे, घेतले; एक एक्स्टेंट डीफॉल्टने 4 एमआयबीचा असतो. आता तिसरी डिस्क दिसेनाशी झाली. मेसेजमधली कमांड मारली, की त्या मोजक्या एक्स्टेंटपायी अख्खं व्हॉल्यूम मेटाडेटातून (कुठलं व्हॉल्यूम कुठे आहे त्या नोंदीतून) पुसलं जातं, पहिल्या दोन डिस्कना काहीही झालेलं नसताना.

आणि ती तिसरी डिस्क मेलेली आहे हे ठरवलं कोणी? एलव्हीएम डिस्कला नावाने ओळखत नाही. डिस्कच्या सुरुवातीच्या सेक्टरमध्ये एक लेबल असतं, त्यात यूयूआयडी असतो, तो एलव्हीएम शोधते. ‘सापडत नाही’ याचा अर्थ एवढाच की तो यूयूआयडी आत्ता एलव्हीएमला कुठे दिसत नाही. डिस्क मेल्यामुळे असं होतं. केबल सैल झाल्याने, कंट्रोलरचा पोर्ट गेल्याने, मल्टिपाथचे (स्टोरेजकडे जाणाऱ्या अनेक जोडण्यांचे) सगळे मार्ग तुटल्याने, स्टोरेजच्या माणसाने एलयूएनचं (स्टोरेजने सर्व्हरला दिलेल्या डिस्कचं) मॅपिंग हलवल्यानेही होतं. एलव्हीएम डॉट कॉन्फमधल्या (एलव्हीएमच्या सेटिंग फाइलमधल्या) फिल्टरने डिस्क वगळली तरी हेच दिसतं. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 9 मध्ये तर डिव्हाइसेस फाइल (एलव्हीएमने बघायच्या डिस्कची यादी) डीफॉल्टनेच चालू असते. त्या यादीत नोंद नसलेली डिस्क ठणठणीत असली तरी एलव्हीएम तिच्याकडे बघत नाही. तिथे उपाय ‘एलव्हीएमडिव्हाइसेस --अ‍ॅडडेव्ह’ हा आहे. अशा जागी फोर्स मारणं म्हणजे किल्ली सापडत नाही म्हणून घर पाडणं.

म्हणून आधी बघायचं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) आय/ओ एरर, म्हणजे वाचन-लेखनाच्या चुका, आहेत का, डिस्कची तब्येत तपासणारं स्मार्टसीटीएल काय सांगतं, ‘मल्टिपाथ -एलएल’मध्ये मार्ग जिवंत आहेत का. मग ‘एलव्हीएस -ए -ओ +डिव्हाइसेस’. कुठल्या व्हॉल्यूमचा कुठला भाग ‘अननोन’वर आहे ते तिथे दिसतं. व्हीजीएसच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ‘पी’ दिसला तर ग्रुप अर्धवट आहे. डिस्क परत दिसू लागली आणि तरीही तिच्यावर मिसिंगचा शिक्का राहिला, तर ‘व्हीजीएक्स्टेंड --रिस्टोरमिसिंग’ने तो निघतो, काहीही न पुसता. आणि तरीही ती कमांड मारायचीच असेल, तर आधी --टेस्ट लावून मारा. मेटाडेटाला हात न लावता काय होणार ते कळतं.

यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करायला हवं. हरवलेली डिस्क खरंच रिकामी असेल, किंवा तिच्यावरची व्हॉल्यूम मिररची असतील आणि ‘एलव्हीकन्व्हर्ट --रिपेअर’ने ती आधी दुरुस्त करून घेतली असतील, तर रिमूव्हमिसिंग हीच बरोबर कमांड आहे. फोर्सशिवाय.

ज्यांनी हा मेसेज वाचून कमांड आधीच मारली आहे, त्यांच्यासाठी : थांबा. त्या ग्रुपमध्ये नवं व्हॉल्यूम करू नका, कुठलं वाढवू नका, एमकेएफएस (नवी फाइल सिस्टिम करणं) तर नाहीच. व्हॉल्यूम काढलं गेलं तरी शाबूत डिस्कवरचा मजकूर लगेच पुसला जात नाही. फक्त एलव्हीएम डॉट कॉन्फमध्ये इश्यू_डिस्कार्ड्स (मोकळी झालेली जागा डिस्कला कळवणं) 1 केलेलं असेल तर एसएसडीवर गोष्ट वेगळी, डीफॉल्ट 0 आहे. प्रत्येक बदलाआधीची मेटाडेटाची प्रत /ईटीसी/एलव्हीएम/आर्काइव्हमध्ये पडलेली असते; डीफॉल्टने निदान 10 प्रती आणि 30 दिवस. मेटाडेटा परत लिहिणारी कमांड ‘व्हीजीसीएफजीरिस्टोर --लिस्ट’ देऊन फोर्सच्या आधीची फाइल शोधा आणि सगळ्यात आधी ती दुसऱ्या मशीनवर कॉपी करा. जुनी डिस्क परत दिसत असेल तर ग्रुप बंद करून ती फाइल व्हीजीसीएफजीरिस्टोरला द्या. डिस्क खरंच गेली असेल तर नव्या डिस्कवर आधी पीव्हीक्रिएट, पण जुन्या यूयूआयडीसह आणि --रिस्टोरफाइलमध्ये तीच फाइल देऊन, मग व्हीजीसीएफजीरिस्टोर. हा क्रम उलटा चालत नाही, कारण डिस्क गहाळ असताना रिस्टोर नकार देतो. ग्रुपमध्ये थिन पूल (लागेल तशी जागा देणारे साठे) असतील तर हे एकट्याने करू नका, तिथे जुना मेटाडेटा परत लिहिणं स्वतःच धोक्याचं आहे.

इतकं करून मेलेल्या डिस्कवरचा डेटा परत येत नाही हेही समजून घ्या. रचना परत येते, त्या डिस्कच्या जागी भोक राहतं. शाबूत डिस्कवर पूर्ण असलेली व्हॉल्यूम वाचतात, पसरलेली बॅकअपमधूनच आणावी लागतात.

तिसरा मुद्दा, मिरर आपोआप सिंक होतो. हार्डवेअर रेड असेल तर बहुतेक वेळा हे खरं आहे. त्याच खाचेत नवी डिस्क घातली की कंट्रोलर स्वतः रीबिल्ड सुरू करतो, आणि एलव्हीएमला डिस्क बदलल्याचं कळतही नाही. पण मग पीव्हीक्रिएट आणि व्हीजीएक्स्टेंड कशासाठी? आणि मिरर एलव्हीएमचा असेल तर व्हीजीएक्स्टेंडने ग्रुपमध्ये फक्त मोकळी जागा येते. रेड_फॉल्ट_पॉलिसी ही सेटिंग डीफॉल्टने ‘वॉर्न’ असते, म्हणजे लॉगमध्ये इशारा येतो आणि काम तिथेच थांबतं. लॉजिकल व्हॉल्यूमवर ‘एलव्हीकन्व्हर्ट --रिपेअर’ तुम्हालाच चालवावं लागतं. एमडी रेडमध्येही (लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये) नवी डिस्क एमडीएडीएमने स्वतः जोडावी लागते. ‘आपोआप होतं’ असं समजून निघून गेलेला माणूस सर्व्हर एकाच डिस्कवर सोडून जातो, आणि ती डिस्कही बहुधा तेवढीच जुनी असते.

रीबूटचा सल्ला तर उलटाच आहे. चालू सर्व्हरवर अर्धवट व्हॉल्यूम अजून माउंट असतं, शाबूत डिस्कवरच्या फाइली कॉपी करून घ्यायची संधी असते. रीबूटनंतर डीफॉल्ट अ‍ॅक्टिव्हेशन मोड ‘डिग्रेडेड’ असल्यामुळे असं साधं व्हॉल्यूम उठतच नाही. एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी माउंट करायच्या यादीत) नोफेल, म्हणजे ‘मिळालं नाही तरी पुढे जा’, नसेल तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं, आणि एक बिघाड होता तिथे दोन होतात.

एफएससीके -वाय म्हणजे न वाचता प्रत्येक प्रश्नाला हो. भोक पडलेल्या व्हॉल्यूमवर ही कमांड चालवली तर सापडत नसलेल्या ब्लॉकच्या हिशेबाने ती उरलेल्या फाइलीही तोडते. आधी काहीही न बदलता फक्त तपासा : एक्स्ट फाइल सिस्टिमवर ‘ई2एफएससीके -एन’, एक्सएफएसवर ‘एक्सएफएस_रिपेअर -एन’. एफएससीके डॉट एक्सएफएस काहीच करत नाही आणि यशस्वी झाल्याचं कळवते, हेही तिच्या मॅन पेजवर लिहिलेलं आहे.

‘सगळ्या युनिक्सवर चालतं’ हे वाचून राग येतो, कारण जुने एचपी-यूएक्स आणि एआयएक्स (एचपी आणि आयबीएमची युनिक्स) सर्व्हर जिथे उरले आहेत तिथे सहसा महत्त्वाचं काहीतरी चालू असतं. एचपी-यूएक्सवर मिररमधली डिस्क बदलली की तिच्यावर पीव्हीक्रिएट करायचंच नसतं. व्हीजीसीएफजीरिस्टोर जुनी ओळख नव्या डिस्कवर लिहितो, मग व्हीजीचेंज, मग व्हीजीसिंक. बूट डिस्क असेल तर एमकेबूट (बूटची माहिती लिहिणं) वेगळं. पीव्हीक्रिएटने नवी ओळख देऊन व्हीजीएक्स्टेंड केलं, तर ग्रुप जुन्या डिस्कची वाट बघतच राहतो. शिवाय तिथे कोरम आहे : निम्म्याहून जास्त डिस्क नसतील तर ग्रुप उठत नाही, ‘-क्यू एन’ मुद्दाम द्यावा लागतो.

एआयएक्सवर तर या कमांडच नाहीत. तिथे अनमिररव्हीजी, रिड्यूसव्हीजी, मग डिस्क बदलून एक्स्टेंडव्हीजी, मिररव्हीजी, आणि रूटव्हीजी (सिस्टिम ज्यावर आहे तो ग्रुप) असेल तर बॉसबूट आणि बूटलिस्ट. रिड्यूसव्हीजीला -डी लावला की त्या डिस्कवरची व्हॉल्यूम जातात, म्हणजे नावं वेगळी पण सापळा तोच. आणि दोन डिस्कच्या ग्रुपमध्ये एका डिस्कवर व्हीजीडीएच्या (ग्रुपच्या रचनेच्या नोंदीच्या) दोन प्रती असतात, दुसरीवर एक. कोरम चालू असताना पहिली गेली की बहुमत गेलं आणि ग्रुप बंद पडतो, दुसरी शाबूत असूनही.

राहिला बॅकअप. रेड एका डिस्कच्या मरणापासून वाचवतं. चुकीच्या कमांडपासून नाही, कारण चूक दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहिली जाते. आणि डेटाच्या बॅकअपइतकाच मेटाडेटाचाही लागतो. आर्काइव्हचं फोल्डर बहुतेक ठिकाणी रूटच्या व्हॉल्यूमवर असतं आणि ते व्हॉल्यूम त्याच ग्रुपमध्ये असतं. ग्रुप उठला नाही तर तो उठवायची फाइल आतच अडकते. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) व्हीजीसीएफजीबॅकअप टाका आणि त्याची फाइल रोज दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या, सोबत पीव्हीएसचं (डिस्कच्या यादीचं) आउटपुट आणि प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर. रॅकसमोर उभं राहून कुठली डिस्क ओढायची हे ठरवताना तोच नंबर लागतो.