सीपीएचा अभ्यास कधी सुरू करायचा? 150 क्रेडिटचा गैरसमज

सीपीए म्हणजे अमेरिकेतला परवानाधारक लेखापाल, आपल्याकडच्या सीएसारखा; आणि क्रेडिट म्हणजे कॉलेजात पूर्ण केलेल्या अभ्यासाचं माप. ‘अमेरिकेतल्या सीपीएसाठी 150 क्रेडिट पूर्ण झाल्याशिवाय पुस्तक उघडूच नका, परीक्षेलाच बसू देत नाहीत,’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. 150 ची अट परीक्षेसाठी नाही, सीपीएच्या परवान्यासाठी ठरली, आणि तिथेही आता बऱ्याच राज्यांत तो एकच मार्ग उरलेला नाही. परीक्षेला बसायला बहुतेक राज्यांत 120 क्रेडिट आणि अकाउंटिंगचे ठरावीक विषय पुरतात. म्हणजे पदवी हातात येत असतानाच तयारी सुरू करता येते, आणि करावीच. कॉलेजात शिकलेलं ऑडिट आणि फायनान्शियल रिपोर्टिंग तेव्हा डोक्यात ताजं असतं. ते विसरल्यावर पुन्हा पहिल्यापासून बसणारी मुलं पाहिली की खरंच वाईट वाटतं.

‘लवकर सुरू केलं तर मुदत संपते’ हेही खरं नाही. अभ्यासाला मुदत नसते. पहिला पेपर पास झाल्यावरच घड्याळ सुरू होतं. पूर्वी उरलेल्या तीन पेपरांना 18 महिने मिळत, आता बऱ्याच राज्यांत 30 मिळतात. करकायद्याच्या पेपरचा अभ्यास मात्र फार आधी करून ठेवू नका, नियम बदलतात. आणि अर्जापूर्वी आपल्या राज्याच्या अकाउंटन्सी बोर्डाची अट स्वतः वाचा.