धरणाकाठची वाट बंद करू नका

जून लागला की तळेगावहून दादाचा फोन येतो, आणि पावसाच्या बातमीला जोडून बंदीच्या आदेशाची बातमी येते. भुशी, पवना, मुळशी, ताम्हिणी. धबधब्यात उतरायचं नाही, धरणाच्या पाण्याजवळ जायचं नाही, ठरावीक वेळेनंतर थांबायचं नाही. यंदा यावरून आमचं चांगलंच वाजलं. ‘‘तिकडे बसून बोलायला तुझं काय जातं?’’ दादा म्हणाला. ‘‘भुशीच्या मागच्या धबधब्यात एका घरातली पाच माणसं गेली. त्यांच्या दारात उभी राहून सांगशील, बंदी नको म्हणून?’’

३० जून २०२४ची ती गोष्ट. तो व्हिडिओ मीही पाहिला आहे. पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभी असलेली माणसं, आणि काठावरच्यांचा आरडाओरडा. त्यामुळे या विषयावर मी उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करत नाही. तरीही दादाचं मला पटत नाही, आणि ते का पटत नाही हे मला इथल्या एका धरणाने शिकवलं.

मी स्टॉकपोर्टला राहते, मँचेस्टरला लागून. आमच्या गावाच्या पाण्यासाठी १९१२ साली हेफील्डच्या वर डोंगरात किंडर जलाशय बांधला गेला. त्याच्या माथ्यावर किंडर स्काउट हे पठार आहे. उंची ६३६ मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी. पण वर गेलं की काळ्या, ओल्या मातीचा अफाट माळ, आणि धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. बाउडन ब्रिजच्या जुन्या दगडखाणीपासून निघायचं, जलाशयाच्या कडेने व्हाइट ब्राउची चढण चढायची, मग विल्यम क्लफ नावाच्या घळीतून ओहोळ या अंगाने त्या अंगाने ओलांडत माथा गाठायचा. तिथून कड्याच्या काठाकाठाने किंडर डाउनफॉल या धबधब्यापाशी. पश्चिमेचा वारा जोरात असला की त्याचं पाणी खाली न पडता उलटं वर उडतं. पहिल्यांदा ते तोंडावर आलं तेव्हा मला नाणेघाटच आठवला.

या वाटेवर आज कुणी अडवत नाही, तिकीटही नाही. खाली गाडी लावायचे तेवढे पैसे पडतात. पण १९३२ साली हे सगळं पठार बंद होतं. जमीनदारांना ते ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून हवं होतं, आणि पाणीपुरवठा करणाऱ्यांचं म्हणणं होतं की माणसं फिरली तर पाणी घाण होईल. २४ एप्रिल १९३२ला चारेकशे माणसं, बरीचशी मँचेस्टरच्या गिरण्या-कारखान्यांत राबणारी तरुण पोरं, त्याच खाणीत जमली आणि विल्यम क्लफच्या वाटेने वर चढली. पुढारी बेनी रॉथमन, वय वर्षं वीस. वर राखणदारांशी झटापट झाली, धरपकड झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. कागदोपत्री आरोप दंगलीचा, पण मुळात केलं काय, तर रविवारी डोंगर चढले. पुढे १९४९ला राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९५१ला किंडर ज्यात येतं तो पीक डिस्ट्रिक्ट हा डोंगराळ भाग ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला, आणि २०००च्या कायद्याने अशा माळांवर पायी फिरणं हा हक्क झाला. पाण्यात उतरायचा हक्क त्यात नाही. जलाशयात पोहायला आजही मनाई आहे आणि त्यावर इथेही वाद चालू आहे.

हक्क मिळाला तेवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी दादाशी भांडले नसते. खरं शिकण्यासारखं त्यानंतर घडलं. माणसं लोटली आणि पठार तुडवलं जाऊ लागलं. तिथली काळी माती म्हणजे पीट, हजारो वर्षांत अर्धवट कुजून साचलेलं शेवाळ. गिरण्यांच्या धुराने आणि आगींनी ते आधीच उघडं पडलेलं, त्यात बुटांनी चर पाडले. पेनाइन वे ही लांब पल्ल्याची वाट १९६५ला सुरू झाली तेव्हा पठाराच्या मधून जायची. त्यांनी वाट बंद केली नाही, वळवली. जिथे दलदल, तिथे मोठमोठ्या फरश्या अंथरल्या. त्यांतल्या कितीतरी लँकेशायरच्या पाडलेल्या सूतगिरण्यांमधून आणलेल्या आहेत. एका फरशीवर यंत्राच्या पायाची चार भोकं अजून आहेत. पावसाचं पाणी साचून त्यात आभाळ दिसतं. मी तिथे दर वेळी थबकते. अमेरिकेत यादवी चालू असताना या गिरण्यांना आपल्याकडचाच कापूस जात होता, हे आठवतं म्हणून.

इथेही बंदी असते. २०१८च्या जूनमध्ये जवळच्या सॅडलवर्थच्या माळावर इतकी मोठी आग लागली की लष्कर बोलवावं लागलं. तेव्हापासून शेगडी पेटवण्यावर कडक बंधनं आहेत. पण बंदी आगीवर आहे, पायांवर नाही. आणि कुणी घसरून पाय मोडला तर धावून येतं ते स्वयंसेवकांचं बचाव पथक, जसे आपल्याकडे लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र. तेही पदरमोड करून, जीव धोक्यात घालून जातात. त्यांना आपण किती विचारतो?

आपली गर्दी वेगळी आणि पाऊस वेगळा, हे मला मान्य आहे. सह्याद्रीत पाणी काही मिनिटांत वाढतं. अशा वेळी ठरावीक धबधबा ठरावीक दिवशी बंद ठेवणं बरोबरच. माझी तक्रार सरसकट आदेशाबद्दल आहे. आदेश काढला की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. १५ जून २०२५ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल कोसळला. धोक्याचा फलक तिथे होता, पण पूल उघडाच होता आणि त्यावर माणसं उभी होती. जिथे दोर बांधायचा, कठडा घालायचा, पाणी वाढताच भोंगा वाजवायला माणूस बसवायचा, तिथे आपण कागद चिकटवतो.

आणि या बंदीत गावं कुठे असतात? मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या मागे उभं राहून धरणासाठी जमीन द्यायला नकार दिला, तुरुंग भोगला. पाणी आलंच. आज त्याच पाण्याच्या काठी मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईचा पावसाळी धंदा एका आदेशाने बसतो. कास पठारावर आसपासच्या गावांच्या समित्या माणसं मोजून सोडतात, वाटेवर नजर ठेवतात. तिथे काय चुकलं यावर वाद जरूर घाला, पण राखण गावाने करायची हा मार्ग आपल्याकडे आहे, परदेशातून आणावा लागत नाही.

आम्हाला बाबांनी राजमाचीच्या वाटेवर शिकवलं होतं: ओढ्याचं पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला की वर पाऊस झालाय असं समजायचं, आणि आल्या पावली मागे फिरायचं. दादाला हे माझ्यापेक्षा पक्कं येतं. त्याचा मुलगा सोळा वर्षांचा आहे, आणि त्याला हे माहीत नाही. दर पावसाळ्यात तो घरी बसतो किंवा मित्रांबरोबर खोटं सांगून जातो. ऑगस्टमध्ये दोघं इकडे येणार आहेत. विल्यम क्लफचा ओहोळ ओलांडताना पाण्याचा रंग कसा बघायचा, हे मी त्याला दाखवीन. पण दादा, हे त्याला ताम्हिणीत तू दाखवायला हवं होतंस.