पिंजऱ्याची गोष्ट मागे घेतो, जेनीचं श्रेय नाही

नमस्कार. अमेरिकन वास्तुरचनाकार विल्यम ले बॅरन जेनीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, बायकोने पक्ष्याच्या पिंजऱ्यावर जाडजूड पुस्तक ठेवलेलं पाहून त्याला इमारतीचं वजन पेलणारा लोखंडी सांगाडा सुचला, ही भाकडकथा आहे. दुसरा, त्याने शिकागोत उभारलेल्या होम इन्शुरन्स इमारतीच्या काही भिंती वजन पेलणाऱ्याच होत्या, मग तिला 'पहिली गगनचुंबी इमारत' कसं म्हणायचं? आणि वर विचारलंत, 'मग जेनीचं कौतुक कशाला?'

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. वाईट याचं वाटतं की त्या गोष्टीने मीच जेनीवर अन्याय केला. हा माणूस १८५६ साली पॅरिसच्या एकोल सेंत्रालमधून इंजिनिअर होऊन बाहेर पडला. आयफेल टॉवरवाला आयफेल त्याच संस्थेतून एकच वर्ष आधी शिकून गेला होता. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात जनरल ग्रँट आणि जनरल शर्मन यांच्या हाताखाली त्याने लष्करी इंजिनिअर म्हणून काम केलं. शिकागोच्या १८७९च्या लायटर इमारतीत त्याने बाहेरच्या विटांच्या खांबांना लागूनच आतून लोखंडी खांब उभे केले. एवढ्या वाटचालीनंतर त्याला पिंजऱ्याची गरज कशाला पडेल?

दुसऱ्या आक्षेपातला तपशील बरोबर आहे. मागच्या भिंती विटांच्या होत्या आणि खालच्या मजल्यांवर जाड ग्रॅनाइट होतं. पण रस्त्याकडच्या बाजूचं काम जरा जवळून पाहा. तिथे ओतीव लोखंडाचे खांब वीटकामात गाडलेले होते आणि प्रत्येक मजल्यावरचं वीटकाम त्या मजल्याच्याच लोखंडावर टेकलं होतं. त्यामुळे वरच्या विटांचं सगळं ओझं खालच्या विटांवर येत नव्हतं. भिंत बारीक झाली, खिडकी रुंद झाली. मालकांना भरपूर उजेडाच्या छोट्या कचेऱ्या हव्या होत्या, आणि सगळी धडपड त्यासाठीच होती. सहाव्या मजल्याच्या वर तर त्याने घडीव लोखंडाऐवजी बेसेमर पद्धतीने बनवलेल्या पोलादाच्या तुळया घातल्या. १८८५ साली दहा मजल्यांच्या इमारतीत हे करायला छाती लागते.

१९३१ साली इमारत पाडताना ती उघडी करून तपासली गेली. वास्तुरचनाकारांच्या समितीने तिला पहिलेपणाचा मान दिला, इंजिनिअरांच्या दुसऱ्या गटाने तो पूर्णपणे दिला नाही. म्हणजे तुमची शंका तेव्हाचीच आहे, आणि रास्तही आहे. 'पहिली' हा शब्द मी आज लेखातून काढला.

पण 'मग जेनीचं कौतुक कशाला?' हे तुमचं वाक्य मला पटत नाही. सलिव्हन, बर्नहॅम, होलाबर्ड, रोश हे चौघेही वास्तुरचनाकार त्याच्या कार्यालयात काम करून गेले. शिकागोचं पुढचं बांधकाम ज्यांच्या हातून झालं, त्यांची ही यादी आहे. मूळ लेखात मी त्यांना एक ओळ दिली होती आणि पिंजऱ्याला अख्खा परिच्छेद. तो परिच्छेद आता काढला आहे, आणि त्या जागी या चौघांबद्दल सविस्तर लिहितो आहे.