यात काही अर्थ नाही

साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत गेली 22 वर्षे मी नववीच्या वर्गाला धाराविद्युत शिकवत आहे. विभवांतर, विद्युतधारा आणि रोध यांचा संबंध फळ्यावर इतक्या वेळा लिहून झाला आहे की, मी झोपेतसुद्धा बोटाने हवेत तोच लिहितो, असे आमच्या घरातून सांगण्यात येते. हे आधीच नमूद करण्याचे कारण असे की, पुढे जे घडले ते एखाद्या इतिहासाच्या शिक्षकाच्या बाबतीत घडले असते, तर त्यात लिहिण्यासारखे काही नव्हते.

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि वयाच्या 47व्या वर्षी मी जुन्यातली एक दीडशे सीसीची, डोंगरदऱ्यांत फिरण्यासाठी बनवलेली मोटारसायकल घेतली. तिचे सीट इतके उंच होते की चढण्यासाठी मला घराच्या ओट्याचा आधार घ्यावा लागे, आणि पुढचे मडगार्ड चाकापासून इतके वर होते की ते चुकून दुसऱ्याच गाडीचे बसवले असावे, अशी शंका शेजारच्या आजींनी बोलून दाखवली. सौभाग्यवतींनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाल्या, “अहो, या गाडीत काही अर्थ नाही.” हे वाक्य वाहनशास्त्राच्या दृष्टीने किती काटेकोर होते, हे त्या वेळी त्यांनाही ठाऊक नव्हते आणि मलाही.

श्रावणातल्या एका रविवारी मी कास पठारावर गेलो. हे पठार 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. साताऱ्यापासून ते पंचवीसेक किलोमीटरवर असले, तरी परतीच्या वाटेवर यवतेश्वरचा घाट आहे, आणि माझी गोष्ट त्या घाटाची आहे. अंधार पडला होता, धुके उतरले होते आणि हेडलाइट सरळ रस्त्यावर गुणी मुलासारखा जळत होता. पहिल्या वळणावर मी हॅन्डल डावीकडे वळवले आणि उजेड लालसर होत होत उदबत्तीच्या टोकाएवढा उरला. हॅन्डल सरळ केले की तो परत येई. ज्या घाटात सरळ रस्ता औषधालाही सापडत नाही, तिथे केवळ सरळ रस्त्यावर लागणारा दिवा घेऊन मी एका दुधाच्या टेम्पोच्या मागच्या लाल दिव्यांमागे, वारीत दिंडीमागे चालावे तसा, साताऱ्यातल्या पोवई नाक्यापर्यंत आलो.

1 एप्रिल 2017 पासून विक्रीला येणाऱ्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत बंद करता येत नाही. माझी गाडी त्याआधीची असल्यामुळे दिवा विझवण्याचा अधिकार चालकाकडे होता. तो तिने परस्पर स्वतःकडे घेतला होता.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात शोधकार्य सुरू झाले. बल्ब बदलला, कारण बल्ब सगळेच आधी बदलतात. हॅलोजनच्या काचेला उघडे बोट लावू नये, बोटाचा तेलकटपणा चिकटून काच तिथे जास्त तापते, हे मला माहीत होते. म्हणून तो मी स्वच्छ रुमालात धरून, देव्हाऱ्यातली मूर्ती उचलावी तशा भक्तीने बसवला. काही फरक पडला नाही. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले शेजारचे दादा येऊन इंजिनावर वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोची कॉइल गेली असल्याचे सांगून गेले. पण कॉइलवर थेट चालणारा दिवा रेस वाढवली की प्रखर होतो आणि माझा होत नव्हता. तो बॅटरीवरचा होता. हे मी दादांना पुराव्यासह पटवून दिले. त्यानंतर ते चार दिवस आमच्याकडे चहाला आले नाहीत.

एक खूण मात्र मला पहिल्याच दिवशी दिसली होती. हॅन्डल वळवून हेडलाइट मंदावला की मीटरमधला अप्परचा, म्हणजे लांबवर जाणाऱ्या झोताचा, निळा दिवा लागे, आणि बटण तर डिप्परवर असे. माझा तर्क असा की, अप्परच्या वायरीत करंट शिरतो आहे, त्या अर्थी अप्पर-डिप्परचा स्विचच भेसळ करत असला पाहिजे. तर्क निर्दोष होता आणि उत्तर चूक होते. उत्तरपत्रिका तपासताना मी अशा ठिकाणी निम्मे गुण देतो. स्विच उघडताच आतली तांदळाएवढी स्प्रिंग उडाली आणि तुळशीवृंदावनात गेली. पुढचा पाऊण तास मी तुळशीपुढे गुडघ्यांवर होतो. सौभाग्यवतींनी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले, परंतु इतक्या वर्षांनी का होईना माणूस देवाधर्माला लागला, असे वाटून त्या काही बोलल्या नाहीत.

मग मी हॅन्डलखालच्या चिकटपट्ट्या सोडवायला घेतल्या. गाडीच्या पूर्वीच्या मालकाने वायरींवर कांद्यासारखे थर चढवले होते, आणि कांद्याप्रमाणेच प्रत्येक थरागणिक डोळ्यांत पाणी येत होते. आत कधीकाळी बसवलेल्या आणि नंतर काढलेल्या जादा दिव्यांचे अवशेष होते, त्यांत एक मोकळी लोंबकळणारी काळी वायर होती. लाल म्हणजे धन आणि काळी म्हणजे ऋण हे मी 22 वर्षे शिकवत आलो आहे, म्हणून ती मी चासीच्या बोल्टला आवळली आणि किल्ली फिरवली. दहा अँपिअरच्या फ्यूजच्या पोटातली तार एका क्षणात वितळली. वायरींच्या रंगांची गोत्रे निराळी असतात. होंडाच्या परंपरेत अर्थची, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी, वायर हिरवी असून काळी ही किल्लीनंतरची प्लस असते, तर यामाहाच्या परंपरेत काळीच अर्थ असते. माझ्या गाडीचे गोत्र कोणते, हे मला फ्यूजने सांगितले.

शेवटचा आधार मल्टिमीटर होता. बिघाड हॅन्डलच्या वळणाशी जोडलेला असल्यामुळे गाडीच्या मानेपाशी कुठेतरी वायर तुटलेली असावी, इतके मलाही कळत होते. मी दिवा बंद करून, होल्डरची जोडणी सोडवून प्रत्येक वायर दोन्ही टोकांना तपासली. मीटर प्रत्येक वेळी पीप करून वाजला. सगळ्या वायरी उत्तम होत्या, नवा बल्ब उत्तम होता, आणि उजेड तेवढा नव्हता.

आठव्या दिवशी मी गाडी ढकलत गोडोलीतल्या एका गॅरेजात नेली. तिथल्या विशीतल्या मुलाने माझे सविस्तर निवेदन हातातला पाना पुसत ऐकून घेतले आणि खिळ्याला टांगलेला एक जुना हेडलाइटचाच बल्ब काढला. त्याला दोन वायरी झाळलेल्या होत्या. एक टोक त्याने बॅटरीच्या प्लसला आणि दुसरे होल्डरच्या अर्थच्या पिनेला लावले. बल्ब जरासा मंद पेटला. त्याने गुडघ्याने हॅन्डल डावीकडे ढकलले, तेव्हा तेवढेही राहिले नाही.

“सर,” तो म्हणाला, “हिच्यात अर्थच न्हाई.”

घरून फोन आला होता की काय, असे मला क्षणभर वाटले.

“पण मीटर तर वाजतो,” मी म्हणालो.

“लाईट बंद ठिवून मोजलं, की समद्या वायरी चांगल्याच असत्यात. आता लाईट लावून अर्थच्या पिनेला आन् बॅटरीच्या मायनसला मीटर लावा.”

मी लावला. जिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे होते, तिथे हॅन्डल सरळ असताना दीड व्होल्ट आणि वळवल्यावर नऊ व्होल्ट दिसत होते. बारा व्होल्ट, पस्तीस वॅटच्या दिव्याला सुमारे तीन अँपिअर विद्युतधारा लागते आणि तापलेल्या तारेचा रोध चार ओहमच्या आसपास असतो, हे उदाहरण मी दरवर्षी परीक्षेत घालतो. अर्थच्या वाटेवर त्याहून मोठ्या रोधाचा दुसरा भागीदार बसला, तर दिव्याच्या वाट्याला काय उरणार? आणि पुष्कळ मीटर पाच-दहा ओहमलासुद्धा बिनदिक्कत पीप करतात. परतीची वाट अडल्यामुळे करंट डिप्परच्या तारेतून अप्परच्या तारेत उलटा शिरून निळ्या दिव्यातून घर गाठत होता. स्विच निर्दोष होता. तुळशीपुढचा माझा पाऊण तास अकारण खर्च झाला होता.

मुलाने मानेपाशी हिरवी वायर कापून दाखवली. बाहेरचे प्लॅस्टिक तुकतुकीत होते, आतल्या तांब्याची मात्र हिरवट भुकटी झाली होती. त्याने चासीचा रंग खरवडून होल्डरपासून नवी अर्थ ओढली आणि वायरचे वीस, हाताचे चाळीस, असे साठ रुपये घेतले.

त्याच रात्री मी मुद्दाम यवतेश्वरचा घाट चढलो. वळणामागून वळण गेले, दिवा हलला नाही. सहाव्या की सातव्या वळणावर मात्र मीटरमधला तो निळा दिवा लख्ख पेटलेला दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. मी गाडी कडेला घेतली, होल्डर हलवला, नवी अर्थ ओढून पाहिली. तेवढ्यात वरून येणाऱ्या एसटीच्या चालकाने वेग कमी करून खिडकीतून डोके बाहेर काढले आणि ओरडला, “ओ काका, अप्पर मारा की खाली! डोळं फोडता का आमचं?”

मी त्यांना हात जोडून नमस्कार केला.