नवरात्रातला नव आणि नवकथेतला नव: बार्सिलोनातलं एक जुनं भांडण

'स्पॅनिश साहित्यातला मॉडर्निझम' असं कुणी लिहिलं की पहिला प्रश्न विचारावा: नेमका कुठला? इंग्रजीतला जॉइस-वुल्फवाला तर तो नव्हेच. स्पॅनिशमधला 'मोदेर्निस्मो' मुळात लॅटिन अमेरिकेतून आला. निकाराग्वाच्या रुबेन दारिओचं 'असूल' 1888 साली चिलीत, वालपाराइसोला छापलं गेलं. नाद, छंद आणि राजहंसांची ही कविता पुढे माद्रिदला पोहोचली. आणि कॅटलान, म्हणजे बार्सिलोना ज्यात येतं त्या कॅटलोनियाची भाषा, तिच्यातला 'मुदर्निज्मा' हे तिसरंच प्रकरण. त्याची नजर माद्रिदकडे नव्हती, ती नाटककार इब्सेन आणि माटरलिंक, संगीतकार वाग्नर यांच्याकडे होती. कॅटलान मुदर्निज्माचा वास्तुकार गाउदी याच्या इमारतींचे फोटो लावून खाली दारिओची कविता देणाऱ्या पोस्ट दिसतात, त्यांचा घोटाळा इथेच होतो.

कॅटलान मुदर्निज्माचं ठिकाण पाहायचं असेल तर सित्जेस. बार्सिलोनाजवळच्या या समुद्रकाठच्या गावात चित्रकार-लेखक सान्तियागो रुसिन्योल 1892 पासून उत्सव भरवू लागला. 1893 मध्ये तिथे माटरलिंकची 'ल'अँत्र्यूज' ही एकांकिका कॅटलानमध्ये झाली. भाषांतर केलं होतं पोम्पेउ फाब्रा नावाच्या तरुणानं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे सगळी गंमत त्याच्याभोवतीच आहे.

या मंडळींचा कवी जुआन मारागाय. त्याचं म्हणणं असं की शब्द आतून उसळून आला पाहिजे, त्यावर रंधा मारू नये. 1906 मध्ये मात्र हवा पालटली. लेखक अउजेनी दॉर्स वर्तमानपत्रात रोजचं स्फुट लिहू लागला, जुझेप कार्नेरचा 'अल्स फ्रुइत्स साबुरोझुस' हा रेखीव कवितासंग्रह आला. दॉर्सनं नव्या पिढीला नाव दिलं: 'नौसंतिज्मा'. कॅटलानमध्ये 'नौ' म्हणजे नऊ, आणि 'नौ' म्हणजे नवासुद्धा. एकोणीसशेची नवी शंभरी, आणि नवेपणाही. इंग्रजीत हा श्लेष समजावायला तळटीप लागते. नवरात्र आणि नवकथा हे दोन्ही शब्द रोज वापरणाऱ्या मराठी माणसाला तो आपसूक कळतो.

नौसंतिज्माचा बाणा उलटा: कला म्हणजे शिस्त, शहर, घासूनपुसून केलेलं काम. आणि ही चळवळ फक्त कवितेत राहिली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. 1907 मध्ये कॅटलान राजकारणी प्रात द ला रिबानं 'इन्स्टिट्यूट ऑफ कॅटलान स्टडीज' उभी केली. 1914 मध्ये चार प्रांतांची मिळून 'मांकुमुनितात' ही प्रशासनसंस्था आली, 1915 मध्ये ग्रंथपाल स्त्रियांसाठी शाळा निघाली. साहित्यिक चळवळीला कचेरी, अंदाजपत्रक आणि ग्रंथालयं मिळाल्याची उदाहरणं फार नाहीत.

फाब्रा हा पेशानं रसायनशास्त्राचा इंजिनिअर. त्याच्या हातून 1913 मध्ये शुद्धलेखनाचे 24 नियम आले, 1918 मध्ये व्याकरण, 1932 मध्ये शब्दकोश. एकच नियम बघा. 'घर' या अर्थाच्या शब्दाचं अनेकवचन '-आस' लिहायचं की '-एस'? बार्सिलोनात दोन्हींचा उच्चार एकच, पुसट. लेइदा-वालेन्सियाकडे मात्र स्पष्ट 'ए' ऐकू येतो. फाब्रानं '-एस' निवडलं, म्हणजे एकच लेखन सगळ्या बोलींना वाचता येईल. 'आणि'साठी लिहायचं जुनं 'y' हे अक्षर जाऊन 'i' आलं. यावर आरडाओरडा झाला, जुन्या वळणाचे लोक बरीच वर्षं हटून बसले. मराठीत न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले तेव्हाची खडाजंगी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना नवल वाटायला नको. या सुधारणेचं बी मात्र मुदर्निस्तांच्याच 'ल'आवेन्स' मासिकात 1890च्या सुमाराला पडलेलं होतं. म्हणून 'नव्यांनी जुन्यांना पाडलं' असा सरधोपट इतिहास मला पटत नाही.

किंमत मोजली कादंबरीनं. काटेरिना आल्बेर्त हिचा एकपात्री प्रयोग 1898 मध्ये उलोत गावच्या साहित्यस्पर्धेत जिंकला. विषय बालहत्येचा आणि लिहिणारी बाई, म्हणून गदारोळ झाला. पुढे ती 'व्हिक्तोर काताला' या पुरुषी नावानं लिहू लागली. तिची 1905ची 'सुलितुत' म्हणजे डोंगरावरच्या मठात अडकलेल्या मिलाची कादंबरी, आजही अंगावर येते. पण नौसंतिस्तांना शहर हवं होतं, रांगडा डोंगर नको होता. पुढची दीड-दोन दशकं कॅटलान कादंबरी मंदावली. भाषा घडवणाऱ्यांचे उपकार मान्य करूनही हा हिशेब त्यांच्याच खात्यावर मांडावा लागतो.

वाचायला घेणार असाल तर आधी 'सुलितुत', मग कार्नेर. उलटं केलंत तर कार्नेर नुसता गोड वाटेल, तो कशाच्या विरोधात इतका नेटका आहे ते कळणार नाही. दॉर्सचं काय झालं? 1920 मध्ये त्याच संस्थांनी त्याला बाजूला सारलं आणि पुढे तो माद्रिदला जाऊन स्पॅनिशमध्ये लिहू लागला.