खुनी कोण ते नंतर बघू, आधी पुस्तक विकत कोण घेतंय?

आमच्या कोल्हापूरच्या भावंडांच्या ग्रुपवर मामेबहिणीनं दिवाळीच्या आधी साधं विचारलं होतं, सुट्टीत वाचायला एखादी नवी रहस्य कादंबरी सांगा रे, मराठी असली तर बरं. आता उत्तरं बघा. एकानं रिचर्ड ऑस्मन सांगितला, एकीनं डॅन ब्राउनची नवी, एकानं रॉबर्ट गॅलब्रेथ म्हणजे आपल्या रोलिंगबाईच, आणि मराठी म्हटल्यावर सगळे एका सुरात बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर. अर्नाळकर 1996 ला गेले, शिरवळकर 2003 ला, नाईक 2021 ला. बाई "नवी" विचारत होती हो.

मग जे व्हायचं तेच झालं. अर्धे म्हणाले मराठीत आता असलं लिहितंय कोण, अर्धे म्हणाले लिहून करायचं काय, वाचतंय कोण, सगळे रात्रभर वेबसिरीज बघत बसलेत. एका दादानं तर अभिजात भाषेचा दर्जा काढला, 2024 मध्ये दर्जा मिळाला आणि अजून एक धड डिटेक्टिव्ह नाही म्हणून. त्याचा ह्याच्याशी काय संबंध ते त्यालाच माहीत, पण ग्रुपवर रात्री अकरानंतर असंच चालतं.

मी नॉर्वेत बर्गनला राहते. इथं पाऊस एवढा की गगनबावड्याच्या माणसालासुद्धा घरच्यासारखं वाटावं. आणि इथं राहून माझं मत असं झालंय की "लिहितंय कोण" आणि "वाचतंय कोण" हे दोन्ही प्रश्न चुकीचे आहेत. खरा प्रश्न म्हणजे नवीन लेखकाच्या पुस्तकाच्या पहिल्या पाचसातशे प्रती कोण घेतंय आणि कधी घेतंय. एवढंच. बाकी प्रतिभा बिभा दोन्हीकडं सारखीच आहे, इथले लोक आईच्या पोटातून खुनाचे प्लॉट घेऊन येत नाहीत. उलट ह्या अख्ख्या देशात अलीकडं बहुतेक वर्षी खून पन्नासच्या आतच असतात. खुनाची पुस्तकं मात्र विचारू नका.

त्याचा सीझनच आहे इथं. ईस्टर. पोस्केक्रिम म्हणतात, म्हणजे ईस्टरची गुन्हेकथा. सुट्टी सलग मिळते, दुकानं बंद, लोक डोंगरातल्या लाकडी घरात जाऊन संत्री आणि चॉकलेट खात खुनाची पुस्तकं वाचत बसतात, टीव्हीवर तेच, रेडिओवर तेच, आणि कहर म्हणजे दुधाच्या खोक्यावर पण रहस्यकथा छापलेली असते, चित्रांची छोटी गोष्ट, नाश्ता करताना खुनी ओळखायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खोकं धुऊन ठेवून दिलेलं.

आणि हे सगळं काही वेदकाळापासूनचं नाही. 1923 मध्ये नोर्दाल ग्रीग आणि निल्स ली ह्या दोन तरुण पोरांनी टोपणनावानं एक कादंबरी लिहिली, ओस्लो-बर्गन गाडी लुटायची. ग्रीगचा भाऊ प्रकाशन संस्थेत साहेब. त्यानं ईस्टरच्या तोंडावर आफ्टनपोस्टन ह्या पेपरात पहिल्या पानावर जाहिरात अशी दिली की ती बातमीच वाटावी, "बर्गनची गाडी रात्री लुटली". लोक घाबरले, कुणाकुणाची माणसं त्या गाडीत होती. पुस्तक तुफान खपलं आणि तेव्हापासून ही पद्धत पडली. म्हणजे मुळात परंपरा वगैरे काही नाही, एका माणसाची मार्केटिंगची आयडिया आहे. हे मी ग्रुपवर लिहिलं तर दादा म्हणाला, आपल्याकडं असं केलं तर गुन्हा दाखल होईल. ते पण खरंय.

पण सीझन तर आपल्याकडं ह्यांच्या आधीपासून आहे की! 1909 मध्ये मनोरंजन मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला, ह्यांच्या गाडी लुटायच्या 14 वर्षं आधी. सणाला फराळाबरोबर वाचायला घ्यायचं ही सवय आपण लावून घेतली. धनंजय, नवल असले रहस्य आणि गूढकथांचे अंक लोक आवर्जून घेत आलेत. म्हणजे ही भूक आहे, सण आहे, पैसे काढायची तयारी पण आहे, फक्त ते सगळं अंकातल्या कथेपाशी थांबतं. ज्या माणसानं अंकात झकास कथा लिहिली त्यानं पुढं दोन वर्षं घालून कादंबरी लिहावी असं त्याला का वाटावं? आवृत्ती निघणार हजाराची, ती पण निघाली तर, आणि त्यातल्या निम्म्या गोडाऊनला.

इथं काय करतात ते सांगते, कारण भावंडांना वाटतं की इथं सगळे जन्मजात वाचक आहेत. तर 1965 पासून इथल्या कला परिषदेची योजना आहे, नॉर्वेजियन भाषेत नवीन कथा-कादंबरी आली की सरकार तिच्या सातशेच्या वर प्रती विकत घेऊन देशभरच्या लायब्रऱ्यांना वाटून टाकतं. दर्जा अगदीच टुकार असेल तर समिती पुस्तक नाकारते, ती नाकारानाकारी पण इथं पेपरात गाजते. पण एकदा घेतलं की प्रकाशकाचा पहिला धोका तिथंच संपला. शिवाय 2024 पासून कायदा झालाय की नव्या पुस्तकाची किंमत पहिले काही महिने सगळीकडं सारखी ठेवायची, ऑनलाइनवाल्यानं डिस्काउंट देऊन गल्लीतलं दुकान मारायचं नाही. पुस्तकाला टॅक्स नाही, पण तो छापील पुस्तकाला आपल्याकडं पण नाही, त्यामुळं तिथं बरोबरी.

लगेच कुणीतरी म्हणणार की तेलाचा पैसा आहे त्यांच्याकडं. आहेच. मी काय नाही म्हणत नाही. पण 1965 मध्ये तेल सापडलेलं नव्हतं, ते पुढं 1969 ला. आणि माणसं किती, तर 56 लाखांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर आणि सांगली हे दोनच जिल्हे मिळून ह्याच्यापेक्षा जास्त भरतात. मराठी बोलणारे 8 कोटींच्या वर. आता महाराष्ट्रात अनुदानावर चालणारी सार्वजनिक ग्रंथालयं 11 हजारांच्या आसपास आहेत, त्यातल्या दहातल्या एकानं जरी एकेक प्रत घेतली तरी हजारावर प्रती झाल्या, एक आवृत्ती संपली! नवीन योजना नको, नवीन मंत्री नको, नुसती खरेदीची यादी बदलायची.

आणि लायब्ररीच्या बाबतीत कोल्हापूरकरांनी कुणाकडून शिकायची गरज नाही खरं तर. करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करवीर संस्थानानं 1945 मध्ये केला, देशातला पहिला, महाराष्ट्राचा तर 1967 मध्ये आला. हे इथं ऑफिसात सांगितलं की लोक जरा बघायलाच लागतात.

तर घोडं अडतंय कुठं? मामाला विचारलं. मामा करवीर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाच्या कमिटीवर आहे, गाव कुठलं ते सांगत नाही, भांडणं लागतील. मामा म्हणाला, "अगं, खरेदीची यादी आली की आमच्यात दोन गट पडतात. एक म्हणतोय पोरांना स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्या, दुसरा म्हणतोय साहित्य घ्या साहित्य, चरित्रं घ्या. रहस्यकथा म्हटलं की दोघं एक होतात." का, तर ते एसटी स्टँडवरचं वाङ्मय. बरं, त्याच वाचनालयात सगळ्यात जास्त कुठली पुस्तकं बाहेर जातात? तीच जुनी, पाठीला कापडाची पट्टी चिकटवलेली, पानं पिवळी पडून कोपरे उडालेले अर्नाळकर. एका पुस्तकात कुणीतरी महाभागानं सुरुवातीलाच एका नावाला पेन्सिलीनं गोल करून "हाच" लिहून ठेवलंय, आणि मामा म्हणतो ते खोटं आहे, तो खुनी नाहीच, लोकांना गंडवायला लिहिलंय. असल्या वाचकाला "वाचतंय कोण" म्हणायचं?

ही जी हलकं-भारी वाङ्मयाची पायरी आहे ना, ती इथं मला फार दिसली नाही. अन्ने होल्ट नावाच्या बाई 1996-97 मध्ये ह्या देशाच्या कायदामंत्री होत्या, त्या खुनाच्या कादंबऱ्या लिहितात, मंत्री व्हायच्या आधीपासून. यॉर्न लिअर हॉर्स्ट हा पोलिसात तपास अधिकारी होता, आता पूर्णवेळ लेखक. गुन्नार स्टोलेसनच्या वार्ग वेउम ह्या खासगी डिटेक्टिव्हचा तर आमच्या बर्गनमध्ये पुतळा आहे, भिंतीला टेकून उभा. कोल्हापुरात पुतळ्यांची काय कमी नाही, पण कल्पनेतल्या डिटेक्टिव्हचा उभा करा म्हटलं तर आधी त्याची जात विचारतील.

पण एक सांगते, इथलं सगळं वाचून मला कंटाळा पण आलाय. तोच घटस्फोट झालेला दारुडा पोलीस, तोच बर्फ, तीच बर्फातली मुलगी. दहा वाचली की अकराव्यात काय असणार ते पहिल्या प्रकरणात कळतं. सरकारनं प्रती घेतल्या म्हणून पुस्तकं भारी होतात असं अजिबात नाही, त्यातली बरीच भिकार असतात. पण शंभर आली म्हणून पाच चांगली आली, आपल्याकडं पाचच येतात आणि त्या पाचांकडून आपण शेरलॉक होम्सची अपेक्षा करतो.

आणि मला खरंच चीड ह्याची येते की कोल्हापूर ही कसली जबरदस्त जागा आहे रहस्यकथेला! बंद बंगल्यातला खून लिहायला ब्रिटिश लोक बर्फ पाडतात, पूल तोडतात, फोनची वायर कापतात. आपल्याला काही करायला नको. 2019 चा महापूर आठवा, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, दूध नाही, पेट्रोल नाही, गाव चारी बाजूंनी बंद. आता खुनी आत आहे आणि बाहेर कुणी जाऊ शकत नाही. आणि साक्षीपुरावा काय, तर राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे! सात दरवाजे, कुठला किती वाजता उघडला ते अख्ख्या जिल्ह्याला तोंडपाठ असतं. "मी रात्री पंचगंगा घाटाकडं गेलोच नव्हतो" म्हणणारा माणूस बोलता बोलता चुकून सांगून जातो की सहा नंबरचा दरवाजा उघडल्याचा मेसेज आला तेव्हा पाणी अमुक पायरीला होतं. झालं, सापडला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी, 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आकडे पोराठोरांना माहीत आहेत, ह्याच्यापेक्षा चांगलं घड्याळ कुठल्या लेखकाला मिळणार? आणि डिटेक्टिव्ह कोण, तर गंगावेशीत रोज संध्याकाळी म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला येणारी रिटायर्ड हेडमास्तरीण. कुणी काय बोललं, कुणाची गाडी कुठं लागली होती, सगळं हिला पाठ.

ही आयडिया फुकट आहे, घ्या आणि लिहा.

मामेबहिणीनं विचारलेलं राहिलंच की. 2025 मध्ये आलेल्यातलं सांगायचं तर ऑस्मनची "द इम्पॉसिबल फॉर्च्युन" घे, म्हाताऱ्यांच्या वसाहतीतले चार जण खुनांचा छडा लावतात त्या मालिकेतली पाचवी, पण पहिली आधी वाच, नाहीतर कोण कुणाचं कोण ते कळायचं नाही. गॅलब्रेथची "द हॉलमार्क्ड मॅन" चांदीच्या दुकानाच्या तिजोरीतल्या मृतदेहापासून सुरू होते, सराफ कट्ट्याजवळ वाढलेल्या बाईला आवडायला हरकत नाही, पण एवढी जाड आहे की दिवाळीची सुट्टी संपेल आणि खुनी सापडायचा नाही. डॅन ब्राउनची "द सीक्रेट ऑफ सीक्रेट्स" प्रागमध्ये घडते, पळापळ भरपूर, प्रवासात ठीक. डोकं घरी ठेवून वाचली तरी चालते.

आणि ते वेबसिरीजमुळं वाचन मेलं वगैरे मला पटत नाही. स्टोरीटेल ही मोबाइलवर पुस्तकं ऐकवणारी स्वीडनची कंपनी 2017 मध्ये भारतात आली तेव्हा इंग्रजी-हिंदीबरोबर मराठी घेऊन आली. स्टॉकहोममध्ये बसलेल्या माणसाला मराठीत गिऱ्हाईक दिसतं आणि आपल्या गावच्या कमिटीला दिसत नाही, ह्याला काय म्हणायचं.

मामाला मी एवढंच म्हटलं की पुढच्या खरेदीत नव्या मराठी रहस्य कादंबऱ्यांना थोडे पैसे बाजूला काढा, एक वर्ष करून बघा, रजिस्टरवर दिसेलच किती वेळा बाहेर गेली. मामा तयार आहे, पण म्हणाला, "यादी तू दे. नुसतं घ्या घ्या म्हणून मीटिंगमध्ये चालत नाही, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत लागती." आता बर्गनमध्ये बसून मी काय यादी देणार, इथं मराठी पुस्तक येतंय कुठं. त्यामुळं तुम्हीच सांगा. गेल्या दोन वर्षांत आलेलं पाहिजे, मूळ मराठीतलं पाहिजे, अनुवाद नको, आणि तुम्ही स्वतः शेवटपर्यंत वाचलेलं पाहिजे. खुनी कोण ते लिहू नका. अर्नाळकर धरले जाणार नाहीत.